चार गुण कुठून आले? २०१६च्या एनबीए अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्याचा हिशेब

जिल्हा पातळीवरच्या बास्केटबॉल सामन्यांत टेबलावर बसून स्कोअरशीट भरायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. सामना संपला की पोरं टेबलाभोवती गोळा होतात. प्रश्न ठरलेला असतो, "सर, माझे किती झाले?" आपण का हरलो, हे सहसा कोणी विचारत नाही. एखाद्याने विचारलंच, तर त्याला मी एका सामन्याचा कागद वाचायला देतो. आमच्या कुठल्या सामन्याचा नाही, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात झालेल्या एका सामन्याचा. हा लेख त्या कागदाबद्दल आहे.

तारीख १९ जून २०१६. आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडली होती, साडेपाच वाजले होते. ओरॅकल अरीनात गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स यांच्यात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा, म्हणजे निकालाचा सामना होता. वॉरियर्सनी त्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते, आजवर एवढे कोणी जिंकले नव्हते. घरच्या मैदानावर तर ४१ पैकी फक्त दोन हरले होते. मालिकेतही ते ३-१ असे पुढे होते आणि अंतिम मालिकेत तिथून कुठलाही संघ कधी परतला नव्हता. क्लीव्हलँडने पाचवा आणि सहावा सामना जिंकून ३-३ केलं. त्या शहराने कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळातलं विजेतेपद शेवटचं पाहिलं होतं ते १९६४ साली, तेही अमेरिकन फुटबॉलमध्ये.

निकाल: क्लीव्हलँड ९३, गोल्डन स्टेट ८९.

आधी एक गंमत. पहिल्या सहा सामन्यांतले वॉरियर्सचे गुण मांडा: १०४, ११०, ९०, १०८, ९७, १०१. क्लीव्हलँडचे: ८९, ७७, १२०, ९७, ११२, ११५. दोन्हींची बेरीज करून पाहा, ६१० आणि ६१०. सहा सामने म्हणजे जवळपास पाच तासांचा खेळ, आणि पारडं सुईच्या टोकावर. सातव्यातही ८९-८९ अशी बरोबरी झाली तेव्हा मालिकेतली एकूण गुणसंख्या ६९९-६९९ होती. म्हणजे चार गुणांचा हा फरक एका सामन्याचा नव्हे, अख्ख्या मालिकेचा आहे. म्हणून तो कुठून आला हे शोधण्यात अर्थ आहे.

अमेरिकेत या कागदाला बॉक्स स्कोअर म्हणतात. हा प्रकार बेसबॉलमधून आला आणि तिथे तो रुजवला हेन्री चॅडविक या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने, तोही क्रिकेटच्या धावफलकावरून. तेव्हा आपल्या माणसाला हा कागद परका वाटायचं कारण नाही. डावीकडे नावं, उजवीकडे रकाने. फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये फलंदाज एकदा बाद झाला की विषय संपतो, इथे चुकलेला प्रत्येक शॉट लिहून ठेवलेला असतो.

क्वार्टरनुसार पाहिलं तर क्लीव्हलँडचे २३, १९, ३३, १८ आणि वॉरियर्सचे २२, २७, २७, १३. मध्यंतराला वॉरियर्स ४९-४२ असे पुढे, तिसऱ्या क्वार्टरअखेर ७६-७५. शेवटच्या बारा मिनिटांत त्यांचे १३ गुण. हा १३चा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता संघांच्या बेरजेची ओळ (तीन गुणांचा शॉट म्हणजे ठरावीक रेषेबाहेरून मारलेला, फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट):

| | क्लीव्हलँड | गोल्डन स्टेट |
|---|---|---|
| दोन गुणांचे शॉट | ५७ पैकी २७ | ४२ पैकी १७ |
| तीन गुणांचे शॉट | २५ पैकी ६ | ४१ पैकी १५ |
| फ्री थ्रो | २५ पैकी २१ | १३ पैकी १० |
| एकूण गुण | ९३ | ८९ |

पहिल्यांदा वाचणारा तीन गुणांच्या ओळीवर अडखळतो. वॉरियर्सच्या लांबून पंधरा बास्केट, क्लीव्हलँडच्या सहा. नऊ जास्त, म्हणजे सत्तावीस गुणांची आघाडी. एवढी आघाडी असलेला संघ हरतो कसा? उत्तर वरच्या आणि खालच्या ओळीत आहे. आतून केलेल्या बास्केट क्लीव्हलँडच्या दहा जास्त, त्याचे वीस गुण. फ्री थ्रो अकरा जास्त, त्याचे अकरा. वीस आणि अकरा एकतीस, त्यातून सत्तावीस वजा, उरले चार. किराणा दुकानाच्या वहीतला हिशेब.

पण वहीत जमा-खर्च दिसतो, माल कसा खपला हे दिसत नाही. त्यासाठी थोडं पुढे जावं लागतं. साध्या टक्केवारीने पाहिलं तर क्लीव्हलँडचे ८२ पैकी ३३ शॉट गेले, ४०.२ टक्के. वॉरियर्सचे ८३ पैकी ३२, ३८.६ टक्के. यावरून क्लीव्हलँडची नेमबाजी सरस वाटते. पण तीन गुणांच्या बास्केटला दीडपट वजन दिलं की चित्र उलटतं: क्लीव्हलँड ४३.९, वॉरियर्स ४७.६. मग नेमबाजी चांगली कोणाची?

दोन्ही आकडे अर्धवट आहेत, कारण फ्री थ्रो कुठेच धरलेले नाहीत. आकडेमोड करणारे लोक यावर एक उपाय वापरतात. फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ ने गुणायचं आणि शॉटच्या संख्येत मिळवायचं. दोन फ्री थ्रो म्हणजे एक संधी, तर ०.५ का नाही? कारण काही फ्री थ्रो बास्केट झाल्यावर बोनस म्हणून मिळतात, काही तांत्रिक फाउलचे असतात, काही तीन-तीनच्या जोडीने येतात. या सगळ्याची वर्षानुवर्षांची सरासरी ०.४४च्या आसपास बसते. क्लीव्हलँडसाठी ८२ अधिक ११, म्हणजे ९३ संधी. गुण किती? ९३. वॉरियर्ससाठी ८३ अधिक ५.७, म्हणजे ८८.७ संधी आणि ८९ गुण.

म्हणजे दोन्ही संघांनी दर संधीमागे जवळजवळ नेमका एक गुण केला. नेमबाजी सारखीच होती. क्लीव्हलँडला चार संधी जास्त मिळाल्या आणि त्या सगळ्या फाउलच्या वाटेने आल्या, कारण शॉट तर त्यांनी एक कमीच मारला होता.

(इथे एक सावधगिरी. ०.४४ हा हजारो सामन्यांचा सरासरी आकडा आहे, एका सामन्यात तो काटेकोर लागू पडेलच असं नाही. ९३ला ९३ जुळलं म्हणून हुरळून जाऊ नये. पण दिशा चुकत नाही.)

फ्री थ्रोमध्ये एवढी तफावत का? अरीनातल्या पाठीराख्यांना विचाराल तर ते पंचांकडे बोट दाखवतील. पंचही माणसंच आहेत. पण कागद वेगळं सांगतो. वॉरियर्सच्या ८३ शॉटपैकी ४१ लांबून मारलेले, जवळपास निम्मे. सात-आठ मीटरवरून मारणाऱ्याला सहसा कोणी धक्का देत नाही. धक्का लागतो तो बास्केटखाली, गर्दीत. क्लीव्हलँडच्या एकट्या लेब्रॉन जेम्सने दहा फ्री थ्रो घेतले आणि आठ टाकले. वॉरियर्सच्या सगळ्या संघाचे मिळून दहा गेले.

वॉरियर्सचा हा खेळ त्या दिवशीचा नव्हता. त्या अख्ख्या मोसमात त्यांनी तीन गुणांच्या १०७७ बास्केट केल्या होत्या, तेव्हाचा विक्रम, आणि तोही ४१.६ टक्क्यांनी. एकट्या स्टेफ करीच्या ४०२. ज्या रोपावर वर्षभर पीक घेतलं तेच ऐन वेळी पेरलं, यात चूक म्हणावी अशी नव्हती. सातव्या सामन्यात टक्का ३६.६ वर आला. तोही वाईट नाही, बऱ्याच संघांना तो मोसमाचा म्हणूनही चालेल. पण या ३६.६च्या पोटात काय आहे ते पाहायला हवं. त्यासाठी ड्रेमंड ग्रीनच्या ओळीकडे.

ग्रीन: ३२ गुण, १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू), ९ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास). शॉट १५ पैकी ११. तीन गुणांचे ८ पैकी ६. फ्री थ्रो ४ पैकी ४. मैदानावर ४७ मिनिटं. त्या रात्रीच्या दोन्ही संघांतली ही सगळ्यात देखणी ओळ, आणि ती हरलेल्या संघातली. मध्यंतरापर्यंतच्या ४९ पैकी २२ गुण त्याचेच होते. हाच ग्रीन पाचव्या सामन्यात निलंबनामुळे बाहेर बसला होता आणि त्याच सामन्यापासून मालिका फिरली. त्याच्या मनात काय चाललं असेल ते कुठल्या रकान्यात येत नाही, पण १५ पैकी ११ मध्ये मला ते दिसतं. एक असिस्ट कमी पडला म्हणून त्याच्या नावापुढे ट्रिपल-डबल, म्हणजे तीन रकान्यांत दोन अंकी आकडा, लागलं नाही. त्याच्या पासवर कोणा सहकाऱ्याचा आणखी एक शॉट आत गेला असता तर लागलं असतं. नऊ आणि दहा यांत पास देणाऱ्याचं काहीच कमी-जास्त नसतं, तरी बातमीचा मथळा बदलतो.

आता ग्रीनला बाजूला काढा आणि बाकीचे वॉरियर्स मोजा. ६८ पैकी २१ शॉट, ३०.९ टक्के. तीन गुणांचे ३३ पैकी ९, २७.३ टक्के. गुण ५७. एकमताने मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला करी: १९ पैकी ६, लांबून १४ पैकी ४, गुण १७. क्ले थॉम्पसन: १७ पैकी ६, लांबून १० पैकी २, गुण १४. नेमबाजीसाठी जगात नावाजलेल्या या जोडीने लांबून २४ वेळा प्रयत्न केला आणि सहा गेले. संघाची ३६.६ ही सरासरी आहे ती अशी. एक माणूस ७५ टक्क्यांवर, बाकीचे २७ वर. सरासरी ही फार सभ्य गोष्ट आहे, घरातली भांडणं बाहेर दिसू देत नाही.

क्लीव्हलँडकडे अशी एकही ओळ नाही. लेब्रॉनचे २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, ३ ब्लॉक (समोरच्याचा अडवलेला शॉट), २ स्टील (हिसकावलेला चेंडू). ट्रिपल-डबल झालं. अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात याआधी ते दोघांनाच जमलं होतं, १९६९ साली जेरी वेस्ट आणि १९८८ साली जेम्स वर्दी. पण शॉट पाहा: २४ पैकी ९. कायरी अर्विंगचे २६ गुण, शॉट २३ पैकी १०. दोघांचे मिळून ४७ पैकी १९. पाचव्या सामन्यात याच दोघांनी प्रत्येकी ४१ केले होते, सातव्यात त्या तोडीचं काही नाही. पोरांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी लेब्रॉनने वॉरियर्सना चारी मुंड्या चीत केलं. कागद म्हणतो, नेमबाजीत तो रात्रभर झगडत होता. दोन्ही खरं आहे आणि ते समजून घ्यायला शेवटच्या सहा मिनिटांत शिरावं लागतं.

वॉरियर्सचा नेहमीचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट पाचव्या सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर गेला होता. त्याच्या जागी फेस्टस एझेली. एझेलीची ओळ: चार शॉट, चारही चुकले, शून्य गुण. पण त्याने किती महागात पाडलं हे त्याच्या ओळीत शोधू नका, ते लेब्रॉनच्या ओळीत आहे. वॉरियर्स ८७-८३ असे पुढे. बचाव करणाऱ्यांनी आपापला माणूस बदलला, त्या अदलाबदलीत एझेली लेब्रॉनसमोर आला, तीन गुणांच्या रेषेबाहेर. लेब्रॉनने चेंडू वर नेल्याचा आव आणला, एझेली उडाला, फाउल. तीन फ्री थ्रो, तिन्ही आत. ८७-८६. थोड्याच वेळात पुन्हा तीच जोडी, पुन्हा रेषेबाहेर. या वेळी एझेली उडाला नाही, बिचकून अंतर राखून उभा राहिला. लेब्रॉनने थेट मारला. आत. क्लीव्हलँड ८९-८७.

कागदावर हे कसं उतरतं बघा. पहिल्या प्रसंगात शॉटच्या रकान्यात काहीच नाही, कारण फाउल होऊन चुकलेला शॉट मोजत नाहीत. फक्त फ्री थ्रो ३ पैकी ३. दुसऱ्यात तीन गुणांचा १ पैकी १. अख्ख्या सामन्यात लेब्रॉनचे लांबून ५ पैकी १, तो एक म्हणजे हाच. सामन्याच्या बेरजेत ५ पैकी १ हे अपयश आहे. त्या मिनिटाला उभं राहून पाहिलं तर दोन संधींत सहा गुण.

मग क्ले थॉम्पसनने लेअप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन मारलेला शॉट, टाकून ८९-८९ केले. घड्याळात ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी होते. तिथून पुढे ३ मिनिटं ४६ सेकंद कोणीही गुण केला नाही.

या पोकळीतच तो ब्लॉक आहे. दोनेक मिनिटं उरली होती. अर्विंगचा शॉट चुकला, रिबाउंड वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाने घेतला आणि तो पळत सुटला. सोबत करी. इग्वोडालाने करीला दिला, करीने त्याला उसळवून परत. समोर क्लीव्हलँडचा जे.आर. स्मिथ एकटा. स्मिथ चेंडूच्या दिशेने झेपावला म्हणून इग्वोडालाला हवेत हात किंचित वळवावा लागला. त्या क्षणभरात मागून, जवळपास अख्खं कोर्ट पळत आलेल्या लेब्रॉनने चेंडू बोर्डवर दाबून धरावा तसा अडवला.

कागदावर: लेब्रॉन, ब्लॉक एक. त्याच्या त्या रात्रीच्या इतर दोन ब्लॉकइतकाच एक. इग्वोडाला, चुकलेला शॉट एक. करीने दिलेल्या त्या सुरेख पासचा असिस्ट नाही, कारण बास्केट झाली नाही. स्मिथच्या नावावर काहीच नाही. त्याने जर इग्वोडालाला वळायला लावलं नसतं तर लेब्रॉनचा हात तिथे वेळेवर पोचला असता का? मला नाही वाटत. ब्लॉक आणि स्टील एनबीएमध्ये अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली ती १९७३-७४च्या मोसमापासून. त्याआधी तर लेब्रॉनच्या नावावरही शून्यच लागलं असतं. आपण जे मोजतो तेच घडलं असं धरून चालतो, हा टेबलावर बसणाऱ्याचा जुना आजार आहे.

घड्याळात ५३ सेकंद असताना अर्विंगने उजव्या बाजूने, करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा शॉट टाकला. ९२-८९. दिवसभर लांबून २५ पैकी ६ अशी अवस्था असलेल्या संघाने सामना आणि मालिका लांबूनच फोडली. सहापैकी दोन बास्केट शेवटच्या साडेपाच मिनिटांतल्या, लेब्रॉनची एक आणि अर्विंगची एक. म्हणून टक्केवारी सांगणाऱ्याला मी नेहमी विचारतो, कधी?

मग करीची पाळी. समोर अदलाबदलीत आलेला क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह. कागदावर लव्हची ओळ मामुली दिसते: ९ गुण, १४ रिबाउंड. याच मालिकेत दुसऱ्या सामन्यात डोक्याला मार बसून तो तिसऱ्याला बाहेर होता, आणि करीसारख्या चपळ माणसासमोर त्याला उभं करणं म्हणजे बैलगाडीने स्कूटरला अडवणं, असं तेव्हा सगळेच म्हणत. पण शेवटच्या रकान्यात बघा: प्लस-मायनस, अधिक १९. दोन्ही संघांत सर्वांत जास्त. तो मैदानावर होता तेवढ्या वेळात क्लीव्हलँडने वॉरियर्सपेक्षा १९ गुण जास्त केले. संघ चारने जिंकला, म्हणजे तो बाकावर होता त्या वेळात उणे १५.

या रकान्यावर मी एरवी फार विसंबत नाही. त्यात नऊ इतर माणसांचं बरं-वाईट मिसळलेलं असतं. ४७ मिनिटं खेळणाऱ्या लेब्रॉनचा प्लस-मायनस तर जवळपास संघाचाच निकाल होऊन बसतो, त्यातून काही कळत नाही. पण लव्हच्या बाबतीत १४ रिबाउंड शेजारीच उभे आहेत. त्याचे १४ आणि लेब्रॉनचे ११, दोघांचे २५. वॉरियर्सच्या चुकलेल्या शॉटना दुसरी संधी मिळू न देण्यात यांचा हात मोठा. आणि त्या शेवटच्या मिनिटात लव्ह करीसमोर घसरला नाही. करी इकडे वळला, तिकडे वळला, मागे सरकला, लव्ह समोरच. शेवटी घाईत मारलेला शॉट चुकला. लव्हच्या ओळीत याची नोंद नाही. करीच्या ओळीत आहे, १४ पैकी ४ मधल्या दहा चुकांपैकी एक.

पुढे लेब्रॉन डंक करायला, म्हणजे चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबायला उडाला, ग्रीनने फाउल करून हवेत अडवलं, लेब्रॉन मनगटावर आपटला. १०.६ सेकंद बाकी. दोन फ्री थ्रो. पहिला चुकला, दुसरा आत. ९३-८९. त्या फ्री थ्रोने फरक दोन बास्केटांचा केला. ८९-८९ नंतर वॉरियर्सनी नऊ शॉट मारले आणि नऊही चुकले. चौथ्या क्वार्टरचे १३ गुण ते असे.

एकदा मी प्रत्येक बास्केटची क्रमवार नोंद समोर ठेवून हा सामना आपल्याकडच्या स्कोअरशीटवर उतरवला. आपली, म्हणजे फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) पद्धत वेगळी आहे. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनने, दुसरा आणि चौथा निळ्याने. एक ते एकशे साठ आकडे उभ्या रांगांत छापलेले. दोन गुणांची बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ आणि बाजूला खेळाडूचा क्रमांक. तीन गुणांची असेल तर क्रमांकाभोवती गोल. फ्री थ्रोला ठिपका. चुकलेल्या शॉटला काहीच नाही. त्या कागदावर चूक लिहायला जागाच नसते.

तिसऱ्या रांगेत, ८१ पासून सुरू होणाऱ्या, दोन्ही बाजूंना ८९ वर निळी तिरकी रेघ आली. क्लीव्हलँडच्या बाजूला ९० आणि ९१ रिकामे, ९२ वर रेघ आणि शेजारी अर्विंगचा २, त्याभोवती गोल. ९३ वर ठिपका, शेजारी २३. मग नियमाप्रमाणे शेवटच्या आकड्याभोवती जाड वर्तुळ आणि त्याखाली दोन आडव्या रेघा. वॉरियर्सच्या बाजूला तेच वर्तुळ आणि त्याच दोन रेघा ८९ खाली. चार ओळी वर.